भाड्याच्या मशीनवर टेलिमेट्रीचं काम: क्रम कोणता आणि गाडी कुठे अडते

टेलिमेट्रीचा बॉक्स, म्हणजे मशीनची जागा, तास आणि व्होल्टेज दुरून पडद्यावर दाखवणारं यंत्र, बसवणं अवघड नाही. दोन वायरी बॅटरीला, एक इग्निशनला, दिवा हिरवा झाला की झाकण बंद. इथपर्यंत कुणीही पोचतो. अडचण पंधरा दिवसांनी सुरू होते. मशीन उभं आहे आणि पडदा म्हणतो ते रात्रभर चाललं. बॅटरी उतरली. बिलाचे तास आणि अवर मीटरचे (मशीनवरच्या तास मोजणाऱ्या घड्याळाचे) तास जुळत नाहीत. मग त्याच मशीनकडे दुसरा हेलपाटा, आणि तोवर ते तिसऱ्याच साइटवर गेलेलं असतं.

भाड्याचं मशीन आज एका ऑपरेटरच्या हातात, उद्या दुसऱ्याच्या. ते धुतलं जातं, ट्रेलरवर चढतं, आठवडे उभं राहतं, आणि त्याच्या तासांवर कुणाला तरी पैसे भरायचे असतात. म्हणून इथे एक नियम मी सोडत नाही: आधी मशीनचं खरं काय आहे ते मशीनकडून घ्यायचं, मगच बॉक्सला हात लावायचा, आणि निघण्याआधी ते खरं पडद्यावर दिसतंय का ते मशीनसमोर उभं राहून बघायचं. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. क्रम मोडला की काय होतं, तेही जागोजागी सांगितलं आहे.

## १. निघण्याआधी शेवटचे संदेश वाचा

दुरुस्तीची हाक आली की लोक आधी गाडीची चावी शोधतात. आधी शेवटच्या दोन दिवसांचे संदेश उघडा. चार गोष्टी बघा: बाहेरच्या बॅटरीचं व्होल्टेज, बॉक्सच्या आतल्या बॅटरीचं व्होल्टेज, सिग्नल आणि शेवटची जागा.

- व्होल्टेज दिवसागणिक उतरत गेलं आणि मग शांतता: मशीनची बॅटरी संपली. कामाला चार्जर लागेल, नवा बॉक्स नव्हे.
- 'वीज तुटली' असा संदेश, मग काही तास किंवा दिवस आतल्या बॅटरीवरचे संदेश, मग शांतता: कुणीतरी कट-ऑफ स्विच (बॅटरी मशीनपासून तोडणारा) बंद केला, बॅटरी काढली किंवा फ्यूज उडाला. यातल्या पहिल्या दोन गोष्टींचं उत्तर फोनवर मिळतं.
- व्होल्टेज ठणठणीत, सिग्नल चांगला आणि अचानक गप्प: सिम बंद पडलं असेल, अँटेना तुटला असेल, किंवा मशीन लोखंडी शेडमध्ये किंवा कंटेनरमध्ये गेलं असेल.
- संदेश येतात पण जागा बदलत नाही: जीपीएस अँटेनाकडे संशय न्या.

बॉक्स कोणत्या पिढीच्या नेटवर्कवर चालतो तेही आत्ताच बघा. अनेक देशांत टूजी किंवा थ्रीजी बंद झालं आहे. त्या काळातला बॉक्स असेल, तर तिथे जाऊन वायरी तपासणं व्यर्थ आहे, बदलायचा बॉक्स सोबत न्या. सिम चालू आहे का, डेटाची मर्यादा संपली का, एपीएन (सिमचं इंटरनेट-सेटिंग) बरोबर आहे का, हेही सिमच्या पोर्टलवर दिसतं.

तपासा: तुमचा अंदाज एका वाक्यात लिहा. 'फ्यूज गेला असावा, कारण वीज तुटल्याचा संदेश इंजिन सुरू होतानाच आला.' असं वाक्य लिहिता येत नसेल, तर अजून निघू नका.

## २. फोन आणि बॅग

मशीन ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याशी स्वतः बोला. मशीन कुठे आहे एवढंच विचारून भागत नाही. ते तासभर थांबवता येईल का, चावी कुणाकडे असेल, साइटवर शिरायला ओळख-प्रशिक्षण लागतं का, आणि मशीन सपाट जागेवर मोकळ्या आकाशाखाली आणून ठेवता येईल का, हे विचारा. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि मग छताखाली उभं राहून जीपीएसची वाट बघतात.

बॅगेत मल्टिमीटर, चांगला क्रिंपिंग पक्कड, आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी, फ्यूज आणि फ्यूज-होल्डर, ग्रोमेट (भोकातून जाणारी वायर घासू नये म्हणून बसवायचं रबर), उन्हात न तडकणारे केबल टाय, एक जादा बॉक्स, एक जादा सिम आणि दोन्ही अँटेना असावेत. मशीनचं वायरिंगचं चित्र फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. साइटवर नेट मिळेलच असं धरून चालू नका.

## ३. हात लावण्याआधी मशीनकडून खरं घ्या

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो, आणि पुढचे बहुतेक वाद इथूनच जन्मतात.

मशीनचा फ्लीट नंबर (मालकाने दिलेला क्रमांक) आणि चेसिसवरच्या पाटीवरचा सीरियल नंबर, दोन्हींचा फोटो घ्या. अवर मीटरचा फोटो घ्या, दशांशासकट. आधीचे ओरखडे, तुटलेली दिव्याची काच, लोंबणारी वायर, चालू असलेला धोक्याचा दिवा, सगळ्याचा फोटो घ्या. तुम्ही गेल्यानंतर जे काही बिघडेल ते तुमच्या नावावर लागू शकतं.

मग मल्टिमीटर थेट बॅटरीच्या टोकांवर लावा आणि तीन आकडे टिपा. उभ्या मशीनवर २४ व्होल्टची भरलेली बॅटरी साधारण २५.२ ते २५.४ दाखवते, १२ व्होल्टची १२.६ ते १२.७. आता ऑपरेटरला सेल्फ मारायला सांगा आणि डोळे मीटरवर ठेवा. आकडा क्षणभर कोसळतो आणि इंजिनने जीव धरला की वर येतो. तो किती खाली गेला ते लिहा. मग इंजिन चालू असताना बघा: २४ व्होल्टच्या मशीनवर साधारण २७.६ ते २८.८ यायला हवेत. अल्टरनेटर चार्जच करत नसेल, तर ते आत्ताच ऑपरेटरला दाखवा आणि लिहून ठेवा.

सावधान: सेल्फ मारताना मल्टिमीटर व्होल्टेजवरच हवा. अँपिअरच्या खाचेत वायर ठेवून मालिकेत जोडलेल्या मीटरवर सेल्फ मारला, तर मीटरचा फ्यूज जातोच, कधी मीटरही जातो.

## ४. मशीन निर्धोक करा

बूम, बकेट, प्लॅटफॉर्म खाली टेकवा. पार्किंग ब्रेक, गरज असेल तिथे चाकांना अडण्या. चावी काढून तुमच्या खिशात, कट-ऑफ बंद, त्याला कुलूप आणि तुमच्या नावाची पाटी. 'मी इथेच आहे, कुणी चालू करणार नाही' हे कुलूप नव्हे. जेवणाच्या सुट्टीनंतर दुसरा ऑपरेटर येतो आणि त्याला तुम्ही इंजिनच्या दालनात दिसत नाही. एक्झॉस्ट आणि टर्बो निवू द्या.

बॅटरी सोडवायची असेल तर निगेटिव्ह आधी काढा आणि शेवटी लावा. तसं केलं की पाना चुकून चेसिसला टेकला तरी ठिणगी पडत नाही.

सावधान: मशीन उलटलं किंवा वरून काही पडलं तर ऑपरेटरला वाचवणारी रोप्स-फॉप्सची चौकट, म्हणजे केबिनचे खांब आणि छत, यात भोक पाडू नका आणि वेल्डिंगही करू नका. एका भोकाने त्या चौकटीचं प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. बॉक्स लावायला आधीचे बोल्ट, ब्रॅकेट किंवा चिकटपट्टी शोधा.

## ५. बॉक्सची जागा

जागा निवडताना मी स्वतःला तीन प्रश्न विचारते: वर आकाश आहे का, प्रेशर वॉशरचा फवारा थेट लागतो का, आणि पुढचा मेकॅनिक फिल्टर बदलताना हे उखडून टाकेल का.

अँटेना आत असलेला बॉक्स फायबर किंवा प्लास्टिकच्या पत्र्याखाली चालतो, लोखंडाखाली चालत नाही. त्याची वरची बाजू वरच असू द्या. बाहेरचा अँटेना असेल तर त्याची वायर दुमडून गच्च गुंडाळी करू नका, मोठ्या वळणाने बांधा. आयपी६७ लिहिलेला बॉक्स थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी टिकतो, पण गरम पाण्याचा जोरदार झोत जवळून मारला तर टिकेलच असं तो आकडा सांगत नाही. कनेक्टरचं तोंड खाली ठेवा. वायर बॉक्समध्ये शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळातून गळेल आणि कनेक्टरपर्यंत चढणार नाही.

## ६. वीज: इथे घाई नको

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बॉक्सला तीन वायरी लागतात: कायम चालू पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि इग्निशन.

फ्यूज. तो वीज घेतली त्या जागेजवळ हवा, बॉक्सजवळ नव्हे. फ्यूजच्या आधीची वायर घासून चेसिसला टेकली, तर तिला वाचवणारं काहीच नसतं. बॉक्सच्या निर्मात्याने सांगितलेलाच आकडा वापरा. उडाला म्हणून मोठा टाकू नका.

कट-ऑफ स्विच. आधी शोधा की तो पॉझिटिव्हवर आहे की निगेटिव्हवर. पॉझिटिव्हवर असेल तर निवड सोपी आहे. बॅटरीच्या बाजूने वीज घेतली तर मशीन बंद करून ठेवलेलं असतानाही बॉक्स जिवंत राहतो, चोरीच्या वेळी हेच कामी येतं. स्विचच्या पलीकडून घेतली तर रोज रात्री 'वीज तुटली' असे संदेश येतील आणि काही दिवसांनी खऱ्या संदेशाकडेही कुणी बघणार नाही.

निगेटिव्हवरचा कट-ऑफ मात्र फसवतो. बॉक्सच्या दोन्ही वायरी थेट बॅटरीवर घेतल्या आणि स्विच बंद केला, की मशीनचं चेसिस बॅटरीच्या निगेटिव्हपासून तुटतं. पॉझिटिव्ह मात्र दिव्यांतून, कॉइलमधून अजून पोचलेली असते. त्यामुळे अख्खं चेसिस हळूच पॉझिटिव्हकडे सरकतं आणि इग्निशनच्या वायरवर बॉक्सला जवळपास २४ व्होल्ट दिसतात. चावी ऑपरेटरच्या खिशात, इंजिन गार, आणि पडदा म्हणतो मशीन चालू. कॅनच्या वायरी (मशीनचे कंट्रोलर ज्यांवरून आपसात बोलतात त्या) जोडलेल्या असतील तर हेच व्होल्टेज बॉक्सच्या नाजूक भागावर बसतं. शिवाय बॉक्सचं धातूचं कवच किंवा अँटेनाचं आवरण चेसिसला टेकलं, तर त्या बारीक निगेटिव्ह वायरमधून कट-ऑफला वळसा पडतो. कुणी चावी फिरवली की सगळा प्रवाह तिच्यातूनच वाट शोधतो आणि ती जळते.

म्हणून निगेटिव्हवर कट-ऑफ असेल तर मी बॉक्सची निगेटिव्ह मशीनच्या बाजूलाच घेते. बॉक्स रात्री आतल्या बॅटरीवर जातो, ते मान्य करते, आणि त्या मशीनसाठी वीज तुटल्याचा इशारा कसा हाताळायचा हे प्रणालीत आधीच ठरवते.

इग्निशन. चावी 'ऑन' केल्यावर येणारी आणि सेल्फ मारतानाही टिकणारी वायर शोधा. काही वायरी सेल्फच्या क्षणी जातात, मग एकदाच सुरू केलेलं मशीन दोनदा सुरू झाल्याची नोंद होते. मीटर लावून चावीच्या तीनही जागांवर बघा. वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका. भाड्याच्या मशीनवर तुमच्या आधी कितीतरी हात फिरलेले असतात.

विजेवर चालणारी लिफ्ट. सीझर लिफ्टमध्ये अनेक बॅटऱ्या मालिकेत असतात. ९ ते ३२ व्होल्टचा बॉक्स ४८ व्होल्टवर लावला तर तो जळेल. त्यातून पळवाट म्हणून साखळीतल्या एका-दोन बॅटऱ्यांवरून १२ व्होल्ट काढू नका. त्या बॅटऱ्या रोज थोड्या जास्त उतरतात, चार्जर मात्र सगळ्यांना एकच माप देतो, आणि काही महिन्यांत अख्खा संच बिघडतो. पूर्ण साखळीवर बसणारा व्होल्टेज कमी करणारा कन्व्हर्टर लावा.

जोड. वायरीचं आवरण चिरणाऱ्या झटपट चापांना मी हात लावत नाही. कंपनाने तांब्याचे धागे एकेक तुटतात आणि पावसाळी हवेत उरलेले हिरवे पडतात. योग्य मापाचं क्रिंप, त्यावर गोंदाची नळी, आणि मग दोन बोटांनी जोरात ओढून बघणं. एकदा बारा जोड केले. अकरा ओढून पाहिले, बारावा दिसायला तितकाच सुबक होता म्हणून सोडला. तोच आठवड्यात सुटला.

झोपेतला खर्च मोजा. बॉक्स झोपला की काही मिलिअँपिअरच घेतो. ५ मिलिअँपिअर धरले तर दिवसाला ०.१२ अँपिअर-तास, ३० दिवसांत ३.६. मशीनच्या बॅटरीला हे सहज पेलतं. पण तो झोपलाच नाही आणि ६० मिलिअँपिअर घेत राहिला, तर दिवसाला १.४४ आणि ३० दिवसांत ४३ च्या वर. ७० अँपिअर-तासांची बॅटरी यात अर्ध्याहून जास्त रिकामी होते आणि यार्डात उभं असलेलं मशीन सुरू होत नाही. बॉक्स न झोपण्याची कारणं ठरलेली आहेत: इग्निशनची वायर कायम चालू तारेवर लागली, जीपीएस मिळत नाही म्हणून तो शोधतच राहतो, किंवा हालचालीचा सेन्सर इतका हळवा ठेवला आहे की शेजारच्या रोलरच्या कंपनानेही तो जागा होतो.

तपासा: चावी बंद करून बॉक्स झोपेपर्यंत थांबा, मग बॉक्सच्या पॉझिटिव्हमध्ये मीटर मालिकेत जोडून मिलिअँपिअर मोजा आणि लिहा.

## ७. तास आणि डेटा कुठून घ्यायचा

बिल तासांवर आहे, म्हणून तासांचा उगम आधी ठरवा. इग्निशनवरून मोजलेले तास चावी 'ऑन' असलेल्या वेळेचे असतात. ऑपरेटर रेडिओसाठी चावी फिरवून बसला तरी ते चढतात. व्होल्टेजवरून मोजणं बऱ्याच मशिनांवर चालतं, पण जनरेटरवर नाही: तिथे बाहेरच्या विजेवरचा बॅटरी चार्जर लावलेला असतो, तो २४ व्होल्टच्या बॅटरीला २७ च्या आसपास धरून ठेवतो, आणि बॉक्स समजतो की इंजिन चालू आहे. कंपनावरचे तास शेजारच्या यंत्रानेही वाढतात. जमेल तिथे इंजिनच्या फेऱ्या (आरपीएम) किंवा कंट्रोलरचे तास वापरा.

कॅन बस. जे१९३९ (कॅनवर बोलण्याचे ठरलेले नियम) असलेल्या अनेक मशिनांवर नऊ पिनांचा गोल निदान-कनेक्टर असतो. त्यात ए निगेटिव्ह, बी पॉझिटिव्ह, सी कॅन-हाय, डी कॅन-लो. काही जोडण्याआधी मशीन पूर्ण बंद करून सी आणि डीमध्ये रेझिस्टन्स मोजा. ६० ओहमच्या आसपास आला तर बस निरोगी आहे, दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर आहेत. १२० आला तर एक गायब आहे. ४० आला तर कुणीतरी तिसरा लावून ठेवला आहे, बहुतेकदा आधीच्या ट्रॅकरच्या आतला. तुमच्या बॉक्सचा आतला रेझिस्टर बंद असल्याची खात्री करा. फांदीची वायर (मुख्य बसपासून बॉक्सपर्यंतची) मीटरभराच्या आत ठेवा, दोन्ही वायरींचा पीळ सोडू नका.

वेग बहुधा २५० किलोबिट असतो, काही मशिनांवर ५००. चुकीच्या वेगाने बोलणारा बॉक्स बसवर चुकांचा पाऊस पाडतो आणि मशीनच्या डॅशबोर्डवर दिवे लागतात. म्हणून पहिली जोडणी फक्त ऐकण्याच्या मोडमध्ये करा.

इथे एक गोष्ट अनेकांना गोंधळात टाकते. इंजिनचे फेरे, म्हणजे एसपीएन १९० (जे१९३९ मधल्या प्रत्येक माहितीला असा क्रमांक असतो), आपोआप येत राहतात. एकूण इंजिन तास, एसपीएन २४७, जे१९३९ मध्ये मागितल्यावर मिळतात. बॉक्स फक्त ऐकत असेल आणि दुसरं कुणी विचारत नसेल, तर फेरे येतील पण तास येणार नाहीत. वायरिंग चुकलं समजून ते पुन्हा उघडू नका. मशीनच्या मालकाची परवानगी घेऊन बॉक्सला विचारू द्या, किंवा फेऱ्यांवरून तास मोजा. तसंच इंधनाची पातळी १०२ टक्के दिसली तर टाकी ओसंडत नाही. ती २५५ या आकड्याला ०.४ ने गुणलेली आहे, आणि २५५ चा अर्थ 'माहिती नाही'.

मॉडबस, म्हणजे कंट्रोलरकडून आकडे मागवण्याची भाषा. जनरेटरच्या कंट्रोलरशी आरएस-४८५ वर बोलताना तिच्या ए आणि बी या दोन तारा उलट्या लागणं ही पहिली चूक, पत्ता एकाने चुकणं ही दुसरी. पुस्तिकेत ४०००१ लिहिलेल्या रजिस्टरचा (आकडा ठेवण्याच्या कप्प्याचा) पत्ता तारेवर शून्य असू शकतो. तिसरी चूक जास्त फसवी: ३२ बिटांच्या संख्येचे दोन अर्धे उलट्या क्रमाने वाचले की आकडा अवाढव्य होतो. काही कंट्रोलर तास सेकंदांत देतात, तिथे ३,६०० ने भागा. बरोबर वाचल्याची खूण एकच: कंट्रोलरच्या स्क्रीनवरचा आकडा आणि तुमचा आकडा सारखा.

इंधनाचा फ्लोट, म्हणजे टाकीतला पातळी मोजणारा तरंगता सेन्सर. रेझिस्टन्सचे फ्लोट दोन प्रकारचे सर्रास भेटतात: रिकाम्याला १० आणि भरल्याला १८० ओहम, किंवा रिकाम्याला २४० आणि भरल्याला ३३. दिशाच उलटी आहे, म्हणून आधी मोजा. टाकी चौकोनी नसते. सपाट जागेवर, मोजून डिझेल ओतत, पाच-सहा टप्प्यांची सारणी करा. फक्त रिकामं आणि भरलेलं टोक घेऊन सरळ रेषा ओढली, तर मधले आकडे खोटे निघतील आणि कुणावर तरी डिझेलचोरीचा आळ येईल.

## ८. मशीन अडवणारा रिले

मागणी असेल तरच लावा. रिले (विजेने चालणारा स्विच) सेल्फच्या बारीक नियंत्रण-वायरवर, सामान्यतः जोडलेल्या संपर्कावर. म्हणजे बॉक्स मेला तरी मशीन सुरू होतं. चालू इंजिन कधीही दुरून बंद करायचं नाही. हवेत उचललेला भार, उतारावरचा रोलर, वर गेलेला माणूस, यातलं काहीच तुम्हाला दुरून दिसत नाही. माणूस उचलणाऱ्या लिफ्टवर आणीबाणीने खाली उतरवण्याच्या परिपथाजवळही जाऊ नका.

तपासा: अडवण्याचा आदेश द्या, इंजिन चालू असताना काहीच होता कामा नये. बंद केल्यावर सेल्फ लागता कामा नये. मग आदेश मागे घ्या आणि मशीन खरंच सुरू करून बघा.

## ९. नोंदणी: बॉक्स आणि मशीनची जोडी

आयएमईआय, म्हणजे बॉक्सच्या मोडेमचा ओळख-क्रमांक, १५ अंकी असतो. तो खोक्यावरून घेऊ नका. बॉक्स बसवून झाल्यावर बॉक्सच्या अंगावरून, फोटो काढून घ्या.

हे मी अनुभवाने सांगते. शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या एकाच मॉडेलच्या दोन लिफ्ट होत्या. दोन खोकी उघडली, दोन बॉक्स बसवले, नंबर खोक्यांवरून टाकले. मधेच खोक्यांची अदलाबदल झाली होती. दोन्ही बॉक्स उत्तम चालले, दोन्ही दिवे हिरवे, दोन्ही जागा बरोबर, कारण यार्ड एकच. तीन आठवड्यांनी सर्व्हिसवाल्याने फोन केला: तुम्ही म्हणता तास भरले, पण हे मशीन तर नुकतंच सर्व्हिस झाल्यासारखं आहे. ज्या मशीनची सर्व्हिस खरंच आली होती ते तेव्हा दूर कामावर होतं, तेल न बदलता.

तेव्हापासून माझी रीत अशी: दोन मशिनं असतील तर एकच सुरू करायचं आणि पडद्यावर त्याचंच नाव 'चालू' होतंय का बघायचं. मग ते बंद करून दुसरं.

अवर मीटरचा आकडा प्रारंभीचा आकडा म्हणून इथेच टाका. बॉक्स वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) पाठवतो, प्रणालीत त्या मशीनच्या ठिकाणाचा टाइम झोन लावा. नाहीतर रात्रपाळीचे तास भलत्याच तारखेत पडतात.

## १०. मशीनसमोरची चाचणी

झाकणं, दारं, पॅनेल सगळं बंद करा. उघड्या पॅनेलमध्ये चांगला दिसणारा सिग्नल पत्र्यामागे गेला की कोसळतो.

1. सिग्नल: बॉक्स ० ते ३१ असा आकडा देत असेल तर त्याची दुप्पट करून त्यात −११३ मिळवा. १० म्हणजे −९३ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप). ९९ म्हणजे मोजताच आला नाही.
2. जीपीएस: उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पाठवतो, पण सगळ्या उपग्रहांची यादी पूर्ण यायला १२.५ मिनिटं लागतात. नव्या बॉक्सला मोकळ्या आकाशाखाली पंधरा मिनिटं द्या. पडद्यावर जागा दिसते यावर समाधान मानू नका, काही प्रणाली जुनीच जागा नव्या वेळेसह दाखवतात. पकडलेल्या उपग्रहांची संख्या बघा.
3. चावी बंद, चावी 'ऑन', इंजिन चालू, इंजिन बंद: चारही बदल पडद्यावर आले पाहिजेत.
4. कट-ऑफ बंद करून दोन मिनिटं थांबा. इग्निशन 'चालू' दिसत असेल तर टप्पा ६ कडे परत जा.
5. पडद्यावरचं व्होल्टेज आणि तुमच्या मीटरवरचं व्होल्टेज ताडून बघा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर जोड पुन्हा तपासा, आधी निगेटिव्हचा.
6. पडद्यावरचे तास आणि अवर मीटर.

यातलं एकही न जुळता दिवा हिरवा असू शकतो. तो दिवा एवढंच सांगतो की बॉक्स नेटवर्कला बोलला.

## ११. निघताना

फ्यूज कुठे आहे, वायर कुठून गेली आहे, निगेटिव्ह कुठे घेतली आहे, याचे फोटो आणि दोन ओळी नोंदीत टाका. पुढच्या वेळी तिथे दुसरा माणूस जाईल आणि त्याला पॅनेल उघडण्याआधी हे कळायला हवं. काढलेला जुना बॉक्स नव्या बॉक्सच्या दिवशीच प्रणालीतून सोडवा, आणि फुगलेली आतली लिथियम बॅटरी गाडीच्या डब्यात बाकीच्या सामानात टाकू नका.

ऑपरेटरला बॉक्स दाखवा, काय नोंदतो ते सांगा, आणि कट-ऑफ नेहमीसारखाच वापरायला सांगा. कुणाच्या मशीनची जागा साइटवरच्या दुसऱ्या कुणी विचारली, तर ती मालकाकडून घ्यायला सांगा.

कुलूप आणि पाटी शेवटी काढा. चावी जिच्याकडून किंवा ज्याच्याकडून घेतली त्याच हातात द्या, मशीन सुरू होतंय हे दोघांनी मिळून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मशीनचे रात्रीचे संदेश उघडा: बॉक्स झोपला होता का, व्होल्टेज कालच्याइतकंच आहे का. दोन्ही ठीक असेल तरच काम बंद करा.